मधला चेंडू

कुरबीनमध्ये पायी कुणी चालत नाही. समोरच्या दुकानातून दूध आणायचं तरी माणूस गाडी काढतो, रस्ता ओलांडतो आणि गाडी लावायला सावली शोधत शोधत पुन्हा स्वतःच्याच दाराशी येऊन पोचतो. त्यामुळे ग्लेनिस ट्रँटर जानेवारीच्या, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्याच्या, रणरणत्या उन्हात टोपी घालून चालायला लागली, तेव्हा गावानं आधी माना वळवून पाहिलं आणि मग, गावच ते, विचारलंही.

"तब्येतीसाठी," ग्लेनिस म्हणाली. "डॉक्टर म्हणाला, चाला."

डॉक्टर खरं तर एवढंच म्हणाला होता, की निदान काही महिने गाडीला हात लावू नका. एका सकाळी टोस्टला लोणी लावता लावता ग्लेनिसच्या डाव्या डोळ्यापुढे कुणीतरी पडदा ओढावा तसा अंधार झाला होता. दुखलं नाही, खुपलं नाही. डोळ्यामागची एक बारीकशी रक्तवाहिनी बंद पडली, आणि डावीकडचं जग लोण्याच्या डब्यासकट नाहीसं झालं.

"परत येईल?" तिनं विचारलं होतं.

"नाही," डॉक्टर म्हणाला. पोरगेलाच होता, खरं बोलायला शिकवलेल्या पिढीतला. "पण दुसरा डोळा उत्तम आहे. सवय होईल. वेळ कशात घालवता तुम्ही?"

"टेनिस खेळते."

"अरे वा. एकेरी की दुहेरी?"

ग्लेनिसनं उरलेल्या डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. शाळेत तीस वर्षं तिनं मुलांना खेळ शिकवला. गावातल्या निम्म्या माणसांना रॅकेट कशी धरायची ते तिनंच दाखवलेलं, उरलेल्या निम्म्यांना कशी धरू नये ते. आणि ती काय खेळते हे कुरबीनमध्ये मेंढ्यांनाही ठाऊक होतं. ती दुहेरी खेळायची. डाव्या बाजूला.

दुहेरीत दोघींच्या जागा ठरलेल्या असतात, नवराबायकोच्या पलंगावरच्या जागांसारख्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. गेम अटीतटीला आला की निकालाचा चेंडू बहुधा डावीकडचीला झेलावा लागतो. शिवाय दोघींच्या मधून येणारा चेंडू तिच्या उजव्या हाताला सोयीचा पडतो, म्हणून तोही तिचाच. थोडक्यात, उजवीकडची संसार चालवते आणि डावीकडची नाव कमावते. ग्लेनिस दहा वर्षांची असताना क्लबाच्या वारुळाच्या मातीच्या कोर्टावर डावीकडे जी उभी राहिली, ती तिथून हललीच नाही.

त्या कोर्टाची माती बाप्यांनी रानातली वाळवीची वारुळं फोडून, कुटून, पाणी मारून, रूळ फिरवून बसवलेली. तिथून ती आधी जिल्ह्याला गेली, मग सिडनीला, आणि मग रेलीन क्युझॅक नावाच्या एका किडकिडीत, तोंडाळ पोरीबरोबर जगभर. रेलीन उजवीकडे, ग्लेनिस डावीकडे. दोघी एका खटारा व्हॅनमधून युरोपभर हिंडल्या. स्पर्धेच्या गावी कुणाच्या तरी पाहुण्यांच्या खोलीत झोपायचं, पांढरे झगे बेसिनमध्ये धुवायचे आणि सकाळी ओलेच अंगावर चढवायचे. एकेरीवाल्यांना फुलं मिळत, यांना उरलेली सँडविचं. विम्बल्डनला दोनदा उपांत्यपूर्व फेरी गाठली, तेव्हा कुरबीनच्या दारूच्या दुकानदारानं पाटीवर खडूनं दोघींची नावं लिहिली, ग्लेनिसचं मोठं, रेलीनचं जागा उरेल तसं.

जाळीपाशी उभी असलेली पाठीमागे हात नेऊन सर्व्हिस करणारीला खुणा करते. मूठ झाकली म्हणजे मी जागेवरच आहे, पंजा उघडला म्हणजे मी पलीकडे धावणार. हे सगळ्याच जोड्या करतात. या दोघींची एक खूण मात्र खासगी होती. रेलीन कधीकधी नुसती करंगळी हलवायची. तिचा अर्थ काही नव्हता. एकदा इंग्लंडातल्या एका ओल्याचिंब गावात हरता हरता तिनं ती पहिल्यांदा हलवली, ग्लेनिसला हसू फुटलं, आणि त्या जिंकल्या.

मग एका उन्हाळ्यात, मोठ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी, ग्लेनिस सामन्यांचा फळा वाचायला गेली आणि तिथे रेलीनचं नाव एका सहाफुटी अमेरिकन बाईच्या नावापुढे दिसलं. ग्लेनिसचं नाव कुठेच नव्हतं. रेलीननं तोंडातून ब्र काढला नव्हता. त्या दोघी पुढे उपांत्य फेरीत गेल्या. ग्लेनिसनं मिळेल तिच्याबरोबर तो मोसम रेटला आणि घरी आली. त्याला चाळीसेक वर्षं झाली. मधे लग्न झालं, नवरा गेला, कोर्टाची माती तीनदा बदलली. तेवढा एक फळा मात्र तिच्या मनातून कुणी पुसला नाही.

डोळ्याचं तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर काय होईल ते तिला पाठ होतं. दारात शेजारणींनी शिजवून आणलेल्या पातेल्यांची रांग लागेल, आवाज हळू होतील, आणि क्लबात तिला चहाच्या मोठ्या भांड्यापाशी खुर्ची मिळेल. बिचारी ग्लेनिस. चहाच्या भांड्यापाशी बसलेली बाई परत कोर्टावर गेल्याचं कुरबीनच्या इतिहासात नव्हतं. म्हणून ती पहाटे गावाबाहेरच्या गव्हाच्या गोल कोठारापाशी चालत जायची आणि सिमेंटच्या भिंतीवर चेंडू मारायची. वर गुलाबी काकाकुव्यांचा गोंधळ. गोल भिंतीवरून चेंडू तिरपा परत येतो. उजवीकडे आला की ती बरोबर गाठायची. डावीकडे आला की चेंडू गेला एवढंच कळायचं, तेही मागच्या गवतात सरसर झाली म्हणजे.

फेब्रुवारीत रेलीन गावात आली. वीस किलोमीटरवर तिच्या भावाचं, नेव्हिलचं शेत होतं. तो एकटा, ही एकटी, पर्थमधली टेनिसची शिकवणी हिनं बंद केलेली. बातमी ग्लेनिसला कळायच्या आतच किराणा दुकानात तिच्या ढकलगाडीनं डावीकडून येणाऱ्या दुसऱ्या ढकलगाडीला धाडकन टक्कर मारली. पिठाच्या पिशव्या हादरल्या. ग्लेनिसनं मान पूर्ण वळवली, तेव्हा समोर रेलीन. केस पांढरे, तोंड तेच.

"अजून राग आहे तर," रेलीन म्हणाली.

दिसलं नाही म्हणून धडकले, असं सांगायचं म्हणजे का दिसलं नाही तेही सांगायला हवं. ग्लेनिसनं हनुवटी वर केली.

"आहे," ती म्हणाली आणि पीठ न घेताच बाहेर पडली.

ईस्टरच्या चार दिवसांत कुरबीनला टेनिसची स्पर्धा असते. आसपासच्या गावांतून माणसं येतात, मैदानात तंबू ठोकतात, बायका घरून ताटं भरभरून आणतात आणि क्लबाच्या टेबलावर मांडतात. सगळा कारभार नोरीन बॅबेजच्या हातात. नोरीनची ऐंशी उलटली होती. लहान ग्लेनिसला पहिल्यांदा जिल्ह्याच्या स्पर्धेला घेऊन गेली ती तरुण नोरीनच. ईस्टरला कुणाला जोडीदार नसला तर 'जोडीदार हवा' असं सांगायचं, आणि नोरीन लावील ती गाठ मुकाट मान्य करायची. या पद्धतीतून कुरबीनमध्ये आजवर दोन लग्नं झाली होती आणि एक मारामारी.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी ग्लेनिस चालत क्लबाजवळून जात होती, तेव्हा नोरीन फळ्याला सामन्यांच्या चिठ्ठ्या टोचत होती.

"ये ये," नोरीन म्हणाली. "तुझी जोडी लागली."

"मी यंदा नाव दिलेलं नाही."

"तू नाव कधी दिलं होतंस? रिबिनी बांधायचीस तेव्हापासून ते इथे आहेच. तुझ्या नेहमीच्या डॉटच्या कमरेचं ऑपरेशन झालंय, म्हणजे तुला जोडीदार नाही. आणि एक बाई आली आहे, तिलाही नाही."

ग्लेनिस फळ्याजवळ गेली. आपल्या नावापुढचं नाव वाचून ती चाळीस वर्षांपूर्वीइतकीच भडकली. तेव्हा ते नाव दुसरीच्या नावाशेजारी होतं म्हणून, आज तिच्या शेजारी होतं म्हणून.

"नोरीन, तू शुद्धीवर आहेस का?"

"अजून तरी."

"मी खेळू शकत नाही. गुडघा."

नोरीननं तोंडातली टाचणी काढली. "कुठला?"

"उजवा."

"रोज पहाटे कोठारापर्यंत चालत जातेस आणि येतेस. अख्खं गाव बघतंय. बायका नवऱ्यांना टोमणे मारतात, ग्लेनिसकडे बघा जरा म्हणून. आणि मला गुडघा सांगतेस?"

ग्लेनिसनं एक खोटं झाकायला दुसरं आणलं होतं, ते पहिल्याच्याच पायात अडकून आपटलं. आता दोनच वाटा होत्या. डोळ्याचं सांगायचं, नाहीतर खेळायचं.

"फळ्यावर लागलेली जोडी मी बदलत नाही," नोरीन म्हणाली. "शनिवार, दुपारी दोन, एक नंबरचं कोर्ट."

शनिवारी दीडला ग्लेनिसच्या दारात नेव्हिलची धुळकट गाडी येऊन थांबली. स्टिअरिंगशी रेलीन.

"नोरीन म्हणाली तू हल्ली चालत फिरतेस. बस."

"मी चालत येईन."

"सामन्याआधी पाय मोडून घेऊ नकोस, नंतर मोड. बस गं."

ग्लेनिस बसली. गाडीत शेजारची जागा डावीकडे, म्हणजे चालवणारी उजवीकडे, नीट दिसणाऱ्या बाजूला. नको असताना ग्लेनिसला तिचं सगळं दिसलं. मनगटावरचे डाग, ओठाची जुनी खोड, स्टिअरिंगवर ताल धरणारी करंगळी.

क्लबाच्या फाटकाशी रेलीन म्हणाली, "कोण आहेत समोर?"

"मुलावा गावच्या जावा. कॅरिल आणि मर्ना. पन्नाशीच्या आहेत. कॅरिल गोड बोलते आणि कोपऱ्यात मारते. मर्ना बोलतच नाही."

"आपल्या जागा?"

"जागा काय विचारायच्या?" ग्लेनिस म्हणाली. "आहेत त्याच."

रेलीननं गाडी सावलीत लावली.

पहिल्या सेटचं फारसं सांगण्यासारखं नाही. सुरुवातीला तर वाटलं, निभावतंय. रेलीनची सर्व्हिस अजून चावरी होती. ग्लेनिसनं एक-दोन चेंडू जाळीपाशी असे अलगद उतरवले, की बाकांवरून "जुनं ते सोनं" असा पुकारा झाला. मग मर्नाचा एक चेंडू चुकून डावीकडच्या रेघेलगत आला. ग्लेनिस हललीसुद्धा नाही. चेंडू तिच्या हातभर अंतरावरून गेला, आणि ती समोर बघत तशीच उभी, बसची वाट बघावी तशी.

"छान होता हं, मर्ना!" कॅरिल म्हणाली आणि पुढचा तिथेच मारला. त्याच्या पुढचाही.

सहाव्या गेमपर्यंत मुलावाच्या बायकांना दुसरीकडे मारायचं कारणच उरलं नव्हतं. ग्लेनिस मान गरागरा वळवू लागली, तर उजवीकडचे चुकायला लागले. एकदा हवेवरच रॅकेट फिरवलं. बाकांवर शांतता पसरली. ही शांतता ग्लेनिसला ओळखीची होती. म्हातारी झाली, असं मनात म्हणून लोक सँडविचकडे वळतात तेव्हाची. तिला वाटलं, आत्ताच जावं, रॅकेट ठेवावं आणि स्वतःच चहाच्या भांड्यापाशी जाऊन बसावं. निदान कुणी हाताला धरून बसवायला नको.

सेट गेला. दोघी बाकावर येऊन बसल्या. रेलीननं टॉवेल डोक्यावर घेतला आणि टॉवेलाच्या आतून म्हणाली,

"डावा डोळा गेलाय तुझा."

"ऊन येतंय."

"ऊन सगळ्या कोर्टावर आहे. तुला तेवढ्या डाव्या कडेलाच लागतं होय?"

ग्लेनिसनं पाण्याची बाटली उघडली, बंद केली.

"कधीपासून?"

"जानेवारी."

"कुणाला माहीत आहे?"

"डॉक्टरला. आता तुला. आणि तू एक अक्षर बोललीस तर—"

"म्हणजे त्या दिवशी दुकानात गाडी मुद्दाम नाही घातलीस माझ्यावर?"

"नाही. दिसलीच नाहीस."

"अरेरे," रेलीन म्हणाली. "मला बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, निदान राग तरी शिल्लक ठेवलाय हिनं."

ग्लेनिसला हसायचं नव्हतं. तिनं बूट सोडला आणि पुन्हा बांधला.

"ऐक," रेलीन टॉवेलातून बाहेर आली. "सेटच्या मधे जागा बदलता येत नाहीत, नाहीतर मी केव्हाच बोलले असते. आता सेट संपलाय. नवीन सेटला बदलता येतात. तू उजवीकडे ये. तुझी रेघ उजव्या हाताला येईल, ती तुला दिसते. न दिसणारी बाजू मधे येईल, आणि मधे मी आहे."

"मधला चेंडू माझा असतो."

"असायचा. डावीकडे उभी राहणारीचा असतो. आता माझा."

"मी दहा वर्षांची असल्यापासून डावीकडे उभी आहे, रेलीन."

"माहीत आहे. म्हणून तर विचारलं होतं एकदा."

"काय विचारलं होतंस?"

"एक मोसम मी डावीकडे उभी राहू का, म्हणून. हॅम्बर्गला. धुलाईच्या दुकानात. झगे यंत्रात फिरत होते."

ग्लेनिसनं आठवून पाहिलं. हॅम्बर्ग आठवलं, पाऊस आठवला, यंत्रात घातलेली चिल्लर आठवली. प्रश्न आठवला नाही.

"मी काय म्हटलं?"

"काहीच नाही. हसलीस. अशी हसलीस, की कपडे घड्या करणारी एक जर्मन आजी वळून आपल्याकडे बघायला लागली." रेलीन रॅकेटच्या तारा सरळ करत होती. त्या सरळच होत्या. "मग ती अमेरिकन शिडी भेटली. तिनं विचारलं, तुला कुठे उभं राहायला आवडतं? बस, एवढंच. तुला सांगायला हवं होतं. फळ्यावर वाचायला लावलं, ते वाईट केलं. मी घाबरले. तू पुन्हा हसशील म्हणून घाबरले."

इतकी वर्षं ग्लेनिसनं त्या फळ्यासमोर उभं राहून भांडण केलं होतं, मनातल्या मनात, दोन्ही बाजूंनी, आणि प्रत्येक वेळी जिंकली होती. हॅम्बर्गची आजी त्यात कधी साक्षीला आलीच नव्हती.

"आटपा गं पोरींनो!" उंच खुर्चीवरून नोरीन ओरडली. "अंधार पडायच्या आत मला चार सामने काढायचेत."

दोघी उठल्या. ग्लेनिस सवयीनं डावीकडे गेली. रेघेपाशी थांबली. मग वळली आणि कोर्टाची अख्खी रुंदी ओलांडून उजवीकडे येऊन उभी राहिली. ते अंतर काही पावलांचंच, पण एखाद्या विधवेनं पलंगावरच्या नवऱ्याच्या बाजूला झोपून बघावं तसं तिला परकं वाटलं. जाळी वेगळी दिसत होती. क्लबाचं छप्परसुद्धा वेगळं दिसत होतं.

बाकांवर कुजबुज झाली. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "उन्हानं डोकं फिरलं दोघींचं. उलट्या उभ्या राहिल्यात!"

"ग्लेनिस," नोरीन खुर्चीवरून वाकली, "चुकलीस का गं?"

रेलीननं काही बोलायला तोंड उघडलं. ग्लेनिसनं हात वर करून तिला थांबवलं. हे तिनं स्वतःच बोलायला हवं होतं.

"नाही चुकले," ती म्हणाली. शाळेच्या मैदानावर तीस वर्षं वापरलेला आवाज शेवटच्या तंबूपर्यंत गेला. "माझा डावा डोळा गेलाय. जानेवारीतच गेला. म्हणून चालत फिरत होते, तब्येत गेली चुलीत. इथून मला बरं दिसतं. सर्व्हिस कर, कॅरिल."

मग कॅरिलचा चेहरा असा विरघळला, की ग्लेनिसला पातेल्यांची रांग डोळ्यांपुढे दिसायला लागली. "अगं बाई गं, ग्लेनिस," ती म्हणाली, आणि तिनं तिला सर्व्हिस केली ती बाळाला चेंडू द्यावा तशी, हळू, उंच, अलगद.

ग्लेनिसनं तो चेंडू परत दिला तो सरळ कॅरिलच्या बुटांवर. कॅरिल उडी मारून बाजूला झाली आणि तोल जाऊन मागच्या कुंपणाला लटकली.

"अयाई!"

"दिसतंय तिला," मर्ना म्हणाली. त्या दिवसातलं तिचं हे पहिलंच वाक्य.

बाकांवर हशा उसळला, आणि त्या हशातच 'बिचारी' जी विरली ती विरली. तिच्याकडची पुढची सर्व्हिस कॅरिलनं दात खाऊन केली. ग्लेनिसला इतकं बरं वाटलं, की तो चेंडू तिनं बाहेर मारला.

नव्या जागेवर संसार लगेच बसला मात्र नाही. मधला चेंडू आला की ग्लेनिसचा हात आपोआप जायचा. एकदा दोघींची रॅकेटं एकमेकींवर खणकन आपटली आणि चेंडू मधूनच निघून गेला.

"माझा म्हणाले होते!"

"कधी म्हणालीस?"

"मनात."

"मनातलं ऐकू येत असतं तर चाळीस वर्षं गेली नसती बये! तोंडानं म्हण."

त्यानंतर रेलीन तोंडानं म्हणायला लागली. आणि रेलीन म्हणते म्हणजे म्हणते. तिचं "माझा!" गव्हाच्या कोठारापर्यंत पोचत होतं. ग्लेनिसला कठीण गेलं ते न मारणं. न दिसणाऱ्या बाजूला चेंडू येतोय हे कळत असतं, हात शिवशिवत असतो, आणि आपण मात्र आपली रेघ धरून गप्प उभं राहायचं. पडद्यापलीकडून रेलीनची पावलं यायची, मग श्वास, मग तारांचा आवाज, आणि चेंडू मुलावाच्या बायकांच्या मधोमध पडलेला दिसायचा. रेलीन डावीकडून मारत होती, आणि काय मारत होती! हे फटके हिच्या हातात होते कुठे इतकी वर्षं? दोन-तीन गेमनंतर ग्लेनिसनं तिकडे मान वळवणंच सोडून दिलं. कान देऊन खेळता येतं, हे तिला सहासष्टाव्या वर्षी कळलं.

दुसरा सेट त्यांनी घेतला. त्या सेटच्या शेवटच्या गेमला सर्व्हिस ग्लेनिसची होती. तिनं चेंडू आपटला, वर पाहिलं. जाळीपाशी रेलीन वाकून उभी होती, हात पाठीमागे. मूठ झाकलेली. मग मुठीतून एक करंगळी हळूच बाहेर आली आणि हलली.

ग्लेनिसला चेंडू खाली ठेवून हसावं लागलं. नोरीननं विचारलं, काय झालं? काही नाही, असं ती म्हणाली, आणि त्याला काही अर्थ नव्हताच.

तिसरा सेट त्या हरल्या. अगदी शेवटपर्यंत नेऊन हरल्या. सांगायची गोष्ट म्हणजे शेवटचा चेंडू ग्लेनिसच्या चांगल्या बाजूला आला होता, स्वच्छ दिसत होता, आणि तिनं तो जाळीत मारला. डोळ्याचा काही दोष नव्हता. नुसती घाई. कॅरिलनं जाळीवरून तिला मिठी मारली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी त्या बाजूला उभी राहू नकोस हं, माझ्या नडग्या फोडल्यास."

वारुळाच्या कोर्टाचा नियम असा, की हरलेल्यांनी कोर्ट ओढायचं. जड गोणपाटाची चटई, तिला दोन दोऱ्या. प्रत्येकीनं एक खांद्यावर घ्यायची आणि मातीवरच्या खुणा पुसत फिरायचं. चहाच्या टेबलावरून कुणीतरी दोघींच्या हातात एकेक क्रूस काढलेला ईस्टरचा गोड पाव कोंबला होता, तो दातांत धरूनच त्या दोरीला लागल्या. रेलीन डावीकडे, ग्लेनिस उजवीकडे. आता कुणी ठरवलं नव्हतं, तशाच लागल्या.

"तो शेवटचा," रेलीन पाव चावत म्हणाली.

"बोलू नकोस."

"माझ्या आजीनं मारला असता."

"तुझ्या आजीला मधले सगळे कुणी सोडून दिले असते का?"

फळ्यापाशी नोरीन टाचण्या तोंडात धरून उभी होती. "ए, जाऊ नका कुठे," ती ओरडली. "पहिल्या फेरीत हरलेल्यांची वेगळी स्पर्धा असते. उद्या सकाळी नऊ. तुमचं नाव टोचलंय."

ग्लेनिस थांबली, तशी चटईही थांबली. हरलेल्यांची स्पर्धा! तरुणपणी या स्पर्धेची तिनं इतकी टर उडवली होती, की तिच्यात खेळणाऱ्या बायका तिला पाहिल्या की रस्ता बदलत.

"मी आयुष्यात कधी हरलेल्यांच्यात खेळले नाही," ती म्हणाली.

"मी पुष्कळ खेळले," रेलीन म्हणाली. "तिथला चहा चांगला असतो. मग, सकाळी साडेआठला येऊ का न्यायला?"

उन्हं उतरली होती. माती ओढून झालेला भाग नव्यासारखा तांबूस दिसत होता, उरलेल्या भागावर दुपारभराच्या पावलांची रांगोळी होती.

"आठला ये," ग्लेनिस म्हणाली. "तुझी ती सर्व्हिस नीट करायला हवी. आणि नोरीन! फळ्यावर नीट लिही. रेलीन डावीकडे, मी उजवीकडे."

"फळ्यावर बाजू लिहीत नाहीत गं!"

"तू लिही."

डावीकडची दोरी ताणली गेली. रेलीन चालायला लागली होती. ग्लेनिसनं न बघताच आपली दोरी खांद्यावर सारखी केली आणि ओढायला लागली.